तीन जावा आणि एक नसलेली ओळ

मंगळवारी चहाच्या आधी मधली जाऊ मेली आणि चहानंतर धाकटी. थोरली ठणठणीत होती. थोरलीला कधीच काही होत नाही.

घाबरू नका. या तिघी मशीनं आहेत, आणि तीही खोटी. आमच्या कंपनीचं कामच ते. एक खरं मशीन घ्यायचं आणि त्याच्या पोटात तीन खोटी मशीनं अशी वसवायची की प्रत्येकीला वाटावं, हे घर माझ्या एकटीचं. ओटा माझा, फडताळ माझं, खिडकीतला वारासुद्धा माझाच. प्रत्यक्षात तिघी एकाच ओट्याशी पाळीपाळीने उभ्या असतात, फक्त कुणी कुणाला दिसत नाही. ज्या घरात जावा एकमेकींना दिसत नाहीत ते घर किती सुखाचं असेल, कल्पना करा. आम्ही ते सुख विकतो.

जावा हे नाव आजोबांनी ठेवलं. आजोबा म्हणजे माझे आजोबा नव्हेत. ते आमच्या खोलीतले सगळ्यांत जुने इंजिनियर, वय सत्तावन्न, आणि अख्खं ऑफिस त्यांना आजोबाच म्हणतं. कोणत्या जावेला मेमरीतली कोणती पानं द्यायची आणि रिकामी पडलेली पानं परत कशी घ्यायची, हे ठरवणारी फाइल त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिली. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि शेजारच्यांच्या कुलपांची भोकं मातीने बुजवत होतो.

सोमवारी मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "शुक्रवारी अकरा वाजता बैठक. तोपर्यंत तिघी जावा जगल्या नाहीत, तर ही फाइल आजोबांकडून काढून घ्यावी लागेल. आजोबा पुस्तिका विभागात जातील."

पुस्तिका विभाग तळघरात आहे. मशीनसोबत जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणी उघडत नाही, ती तिथे लिहितात. तिथे गेलेला माणूस पुन्हा वर आलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा एकजण आला होता, पण तो स्टेपलर मागायला.

"आणि फाइल कोण घेणार?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

माझी सहा महिन्यांची उमेदवारी नेमकी त्याच शुक्रवारी संपत होती. म्हणजे हिशेब असा, की जावा मेल्या तर मी कायम आणि आजोबा तळघरात. माझं इतकं भलं आजवर कुणाच्याच मरणाने झालं नव्हतं. पण आजोबांनीच मला काम शिकवलं होतं. त्यांनी मला कधी 'एवढंही येत नाही का' म्हटलं नव्हतं, आणि मला तर एवढंही येत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की शुक्रवारपर्यंत जावा जगवायच्याच. हे ठरवताना मला काय करायचं ते काहीच माहीत नव्हतं, पण ठरवायला माहिती लागत नाही.

तपासणीचं काम करणाऱ्या मुलीला आम्ही शंका म्हणतो, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'मला एक शंका आहे' असं सुरू होतं. मागच्या वर्षी आगीच्या सरावात सगळे रांगेत हसतखिदळत जिना उतरत असताना ती म्हणाली होती, "मला एक शंका आहे, ही खरीच लागलीये." आणि खरीच लागली होती.

मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. माझ्या टेबलावर एक प्लॅस्टिकचं झाड आहे. ते मला उमेदवारीच्या तिसऱ्या महिन्यात बक्षीस मिळालं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तेव्हा मलाही त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं.

"मला एक शंका आहे," ती म्हणाली. "धाकटीतच खोट आहे."

"मग एकटीला चालवून बघू."

धाकटीला एकटीला चालवलं. संध्याकाळपर्यंत ती अशी नांदली, जशी काही माहेरीच आहे. एक तक्रार नाही.

"म्हणजे धाकटी चांगली आहे," मी म्हणालो. "मधलीत खोट."

मधलीला एकटीला चालवलं. तीही मजेत.

"मग थोरलीच कजाग असणार. ती या दोघींना मारतीये."

बुधवारी सकाळी आम्ही थोरलीला सगळ्यांत शेवटी सुरू केलं. आधी धाकटी, मग मधली, मग थोरली. पाऊण तासात थोरली मेली. जन्मात पहिल्यांदा. त्यानंतर मधली. आणि धाकटी, जी आठवडाभर दिवसाला दोनदा मरत होती, ती एकटी उरली आणि निवांत आकडेमोड करत बसली.

आम्ही दोघं पडद्याकडे पाहत राहिलो.

"जी आधी घरात येते ती जगते," शंका म्हणाली.

"पायगुण."

"पायगुण अहवालात लिहू?"

"दुसरा शब्द असेल तर बघ."

आम्ही सहा मशीनं मागवून सहा वेगळे क्रम एकदमच लावले. सहाही वेळा जी पहिली आली ती जगली, आणि मागून आलेल्या दोघी कधी पाऊण तासाने, कधी दोन तासांनी गेल्या. दुखणाइताला डॉक्टरकडे न्यावं आणि दारातच त्याचं पोट दुखायचं थांबावं, तसं आमचं चाललं होतं. दुखणं आहे हे नक्की, पण ज्या जावेला तपासायला एकटं बसवावं ती धडधाकट.

आजोबा त्यांच्या कोपऱ्यात फाइल वाचत होते. सोमवारपासून ते फक्त वाचत होते. चष्मा कपाळावर, पडदा नाकापासून वीतभर अंतरावर. अठराशे ओळी. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

"सापडलं काही?" मी जाऊन विचारलं.

"सगळं जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "हेच वाईट आहे बाबा. काहीतरी हललेलं असतं तर बरं झालं असतं."

मी "हो ना" म्हणालो आणि परत आलो.

बुधवारी दुपारी शंकाने एक शहाणपणाची गोष्ट केली. जाऊ मरते त्या क्षणी रजिस्टरमधून कोणता आकडा वाचला गेला, तो पडद्यावर छापायला लावला.

रजिस्टर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण आजोबांनी मला तेवढ्यातच सांगितलं होतं. प्रोसेसरच्या आत एक चौसष्ट घरांची पाटी असते, एकेका घरात एकेक बिट, म्हणजे शून्य किंवा एक. ओट्याशी ज्या जावेची पाळी असेल तिच्या सामानाची यादी मेमरीत कुठे ठेवली आहे, तो पत्ता त्या पाटीवर लिहिलेला असतो.

मी विचारलं होतं, "बस, एवढंच?"

"एवढंच असतं तर मी इथे कशाला असतो," असं म्हणून ते चहाला गेले होते, आणि परत आल्यावर आम्ही दोघंही पुढचं विसरलो होतो.

तर तो आकडा छापून आला.

"हा पत्ता?" शंका म्हणाली.

तो पत्ता आमच्या मशीनच्या मेमरीत नव्हता. मी कागदावर गुणाकार केला. आमच्यासारखी चार हजार मशीनं एकापुढे एक मांडली, तरी तो पत्ता त्यांच्याही पलीकडे पडत होता. बिचारी जाऊ आपल्या सामानाची यादी शोधायला चार हजार घरं ओलांडून जात होती. वाटेत मेली तर नवल काय?

"पण खालचे आकडे बघ," शंका म्हणाली. "खालचा भाग बरोबर आहे. यादी तिथेच आहे. फक्त वर, डाव्या बाजूला, एक जास्तीचा एक आलाय."

"कुठून?"

"मला काय माहीत. तिसरी आलेली मरते तेव्हा तिथे दोनाचा आकडा असतो. आणि पहिली आलेली, न मरणारी, तिचाही आकडा छापला तेव्हा..."

"तेव्हा?"

"शून्य."

आम्ही मॅडमना सांगायला गेलो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वरती घाण साठतीये," त्या म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"फाइल कुणाची आहे?"

आमच्याकडे एक सोय आहे. फाइल उघडायची, एक बटण दाबायचं, की प्रत्येक ओळीच्या पुढे ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव येतं. मॅडमनी बटण दाबलं. अठराशे ओळी, आणि अठराशे वेळा आजोबांचं नाव. माझं एकदाही नाही. मला, खरं सांगतो, जरा सुटल्यासारखं वाटलं, आणि का वाटलं ते कळेना.

"मला वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या. खरंच वाटत होतं. "पण बघा तुम्हीच."

घरी गेलो. माझे वडील चाव्या बनवतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं खोपटाएवढं दुकान आहे, आणि दुकानात न मावणारं सगळं आमच्या घरात मावतं. माझं काम त्यांना कळत नाही, आणि ते तसं सांगतात. आई ते सांगत नाही. ती शेजारणींना सांगते, की आमचा मुलगा खोटी मशीनं बनवतो. त्यावरून मामाने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोलिसांची काही भीती?"

त्या संध्याकाळी आईने कपाट आवरायला काढलं होतं.

"हा डबा तेवढा टाकून ये रे," ती म्हणाली. डबा पत्र्याचा, चांगला जड. आत कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या दोन-अडीचशे चाव्या. "जन्मभर बघतेय. एकीचा उपयोग होईल तर शपथ."

मी डबा उचलला. मला नको असलेल्या गोष्टी टाकून द्यायला आवडतं. त्यात माझा हातखंडा आहे. ऑफिसात मला त्याचंच बक्षीस मिळालं होतं.

"राहू दे," वडील म्हणाले. मान वर न करता. ते कानस साफ करत होते.

"अहो, कशाच्या आहेत ते तरी माहितीये का तुम्हाला?" आई म्हणाली.

"माहीत नाही. म्हणून तर म्हणतोय, राहू दे."

मी डबा हातात धरून दारात उभा राहिलो. आई म्हणते मी चांगली पाच मिनिटं तसाच उभा होतो. तिला वाटलं कंबर लचकली.

"काय झालं रे?"

"आई," मी म्हणालो, "मला झाड मिळालं होतं ना."

"कुठलं झाड?"

"प्लॅस्टिकचं."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी कानस खाली ठेवली. "पोलिसांचं काही आहे का?" ते म्हणाले.

आता झाडाचं सांगतो. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी मला साफसफाईचं काम दिलं होतं. म्हणजे झाडू नव्हे. सगळ्या फाइलींतून बिनकामाच्या ओळी काढून टाकायच्या. मी पद्धत ठरवली. ओळ काढायची, तपासणी चालवायची, काही मोडलं नाही तर ओळ बिनकामाची. चारशे बारा ओळी काढल्या. एवढी साफसफाई कुणी केली नव्हती. सगळ्यांसमोर टाळ्या झाल्या आणि झाड मिळालं.

आजोबांच्या फाइलीत मी मोजून एक ओळ काढली होती. त्या ओळीत एक आकडा होता, वरच्या बाजूला सोळा शून्यं आणि खाली सगळे एक, आणि रजिस्टरमधून वाचलेली संख्या त्याच्याशी जुळवून वरचे सोळा बिट पुसले जात होते. मला वाटलं, जे मुळात शून्यच आहेत ते पुसायचे कशाला? पुसलेली पाटी पुन्हा पुसणं झालं. शेजारी आजोबांनी टीप लिहिली होती. दोनच शब्द.

राहू द्या.

का राहू द्या, ते लिहिलं नव्हतं. मी ओळ काढली. तपासणी चालवली. काही मोडलं नाही. तपासणी नेहमी एकाच जावेवर चालते, आणि एकटी आलेली जाऊ म्हणजे पहिलीच. म्हणून काही मोडलं नाही. तिघींना या नव्या फाइलीवर एकत्र बसवलं ते थेट गेल्या आठवड्यात.

गुरुवारी मी साफसफाई करणाऱ्या माणसाच्याही आधी ऑफिसात पोचलो. म्हणजे झाडूवाल्याच्या. जुन्या नोंदी उघडल्या, ओळ शोधली, आणि तिच्यासमोर बसलो. मग हळूहळू, पायरीपायरीने, आजोबा ज्या चहाला गेले होते तिथून पुढचं मला कळलं.

त्या चौसष्ट घरांच्या पाटीवर पत्ता एकटा नसतो. वरच्या सोळा घरांत जावेचा क्रमांकही कोंबलेला असतो. प्रोसेसरला तो लागतो, कोणतं सामान कुणाचं ते ओळखायला. क्रमांक आल्या क्रमाने मिळतात: पहिलीला शून्य, दुसरीला एक, तिसरीला दोन. रिकामी पानं परत घ्यायची वेळ आली, की आजोबांचा प्रोग्राम पाटी वाचतो. त्याला हवा असतो फक्त पत्ता. म्हणून वाचल्यावर आधी क्रमांक झाकायचा, मग उरलेलं पत्ता म्हणून वापरायचं. झाकायचं काम त्या ओळीचं होतं. मी ओळ काढल्यावर क्रमांकही पत्त्यातच मिसळला. शून्य मिसळून काही बिघडत नाही. एक मिसळला की चार हजार घरं पलीकडे.

आणि मॅडमच्या त्या बटणाचंही कोडं सुटलं. लिहिलेल्या ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव येतं. काढलेल्या ओळीपुढे कुणाचंच येत नाही. कारण ओळच नसते.

मी ओळ परत टाकली. दहा वाजता शंका आली. तिने तिघींना सुरू केलं, आणि आम्ही वाट पाहत बसलो. पाऊण तास गेला. दोन तास गेले. जेवण झालं. चार वाजता तिघी आपापल्या एकटीच्या घरात सुखाने नांदत होत्या.

"काय केलंस?" शंका म्हणाली.

"एक ओळ टाकली."

मी पुढचंही सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण तेवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी तिघींना जिवंत पाहिलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर अठराशे वेळा आजोबांचं नाव आणि त्यांच्या मधोमध एकदा माझं नाव चमकलं.

"सहा महिन्यांच्या मुलाने!" मॅडम म्हणाल्या. खोलीत टाळ्या वाजल्या. "एकोणीस वर्षांची चूक सहा महिन्यांच्या मुलाने काढली!"

सहा महिन्यांचं मूल हे ऐकून पलीकडच्या विभागातले दोघं बघायला आले.

मी तोंड उघडलं. तोंडातून "थँक्यू" बाहेर पडलं. ते कुठून आलं मला अजून कळलेलं नाही.

मग आजोबा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाबास," ते म्हणाले. "चार दिवस बघत होतो मी. दिसलंच नाही. डोळे गेले बहुतेक." आणि खिशातून त्यांनी त्यांचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, ज्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत, आणि माझ्या झाडाच्या कुंडीत खोचला. "तळघरात स्क्रू नसतात."

ते कोपऱ्यात गेले आणि ड्रॉवर रिकामा करू लागले.

मी चूक केली होती, आणि चूक दुरुस्त करून ती दुसऱ्याच्या नावावर चढवली होती. एका ओळीत दोन कामं. साफसफाईपेक्षा जास्त.

शुक्रवारी अकरा वाजता बैठक. मॅडम, आजोबा, शंका, मी, आणि समोर दोन कागद. एक माझ्या कायम होण्याचा, एक आजोबांच्या बदलीचा. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

मॅडम हसल्या. "बघा," त्या आजोबांना म्हणाल्या, "किती नम्र आहे."

"नम्र नाही. ती ओळ मीच काढली होती."

"आणि तूच टाकलीस."

"आधी काढली, मग टाकली."

"टाकल्याशिवाय काढशील कशी?"

"आधी आजोबांनी टाकली होती."

"मग तू का टाकलीस?"

"कारण मी काढली होती."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. कपाळ चोळलं. "हे बघ, ज्येष्ठांबद्दल आदर असावा. पण त्यासाठी दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची गरज नाही. तुझं नाव बघ, एकदाच आहे, आणि तेही दुरुस्तीला." परत टोपण काढलं.

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ होता, की माझा मला कमी वाटला. मी खरं बोललो होतो आणि मला कुणी ओरडतच नव्हतं. स्वतःवर आळ घेणं इतकं अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चोर पोलीस चौकीत जातो, म्हणतो मी चोर, आणि पोलीस म्हणतो, किती गुणी मुलगा, चहा घे.

"मॅडम," शंका म्हणाली.

"हं?"

"मला एक शंका नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आजोबांनी तर चष्माच नाकावर घेतला.

"मला खात्री आहे," ती म्हणाली आणि तिने तिचा संगणक फिरवला. काल घरी जाण्याआधी तिने तिसऱ्या महिन्यातल्या नोंदी काढल्या होत्या. काढलेल्या चारशे बारा ओळी, एकाखाली एक, लाल रंगात. दोनशे सत्याण्णवावी ओळ तिने मोठी करून दाखवली. शेजारी दोन शब्द: राहू द्या. वर नाव: माझं. खाली 'तपासणी पूर्ण, सर्व ठीक' असं लिहिलेलं. त्याच्याखाली नाव: तिचं.

"एकाच जावेवर तपासलं होतं," ती म्हणाली. "दुसरी आणायला मला कंटाळा आला होता."

मग आजोबा उठले, पडद्याजवळ गेले, वीतभर अंतरावर नाक नेलं.

"ही ओळ फाइलीत नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो. "तीन महिने नव्हती."

"पण मी रोज वाचत होतो हिला." ते खाली बसले. "सोमवारपासून. नऊशे चौदाव्या ओळीनंतर येते. प्रत्येक वेळी वाचली मी."

एकोणीस वर्षांची पाठ फाइल. डोळे पडद्यावर आणि वाचन आतून. मला वाटतं त्या क्षणी सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं, आणि सगळ्यांत जास्त हायसंही. डोळे गेले नव्हते.

"पण आजोबा," मॅडम जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "का राहू द्या, ते का नाही लिहिलंत?"

"कारण लिहिलं की लोक वाद घालतात," आजोबा म्हणाले. "नुसतं राहू द्या म्हटलं, की राहू देतात." मग माझ्याकडे बघून, "देत होते."

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले. चूक नोंदवायचा जो छापील कागद असतो त्यात एक रकाना आहे, 'चुकीची ओळ'. त्यात काय लिहावं हे बराच वेळ कुणालाच सुचेना, कारण चुकीची ओळ नव्हतीच. बरोबर ओळ नव्हती, ही चूक होती. शेवटी मॅडमनी तिथे 'नाही' असं लिहिलं, त्यामुळे कागदोपत्री आमच्याकडे कुठलीच चूक झालेली नाही.

आजोबांच्या बदलीचा कागद त्यांनी फाडला. माझ्या कागदावर खाडाखोड करून उमेदवारी आणखी सहा महिने वाढवली. शंकाला आता दर तपासणी तिघी जावांवर करावी लागते. ती म्हणते, तिला शंका आहे की चौथीही हवी. झाड परत द्यायला मी मॅडमकडे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "चारशे अकरा बरोबर काढल्यास की. ठेव." स्क्रूड्रायव्हर मात्र मी न सांगता आजोबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांनी तो मोजून घेतला. एकच होता, तरी मोजला.

आणि मला नवं काम मिळालं. आजोबांच्या फाइलीत 'राहू द्या' अशा अजून सदतीस ओळी आहेत. त्यांच्याजवळ बसायचं, प्रत्येक ओळीचं कारण विचारायचं, आणि शेजारी लिहायचं, म्हणजे पुढच्या उमेदवाराचा हात तिच्यावर पडणार नाही.

सोमवारी बसलो. पहिली ओळ माझीच, तिचं कारण मीच लिहिलं: 'वरच्या सोळा बिटांत जावेचा क्रमांक असतो. तो झाकल्याशिवाय उरलेला पत्ता पत्ता नसतो. पहिल्या जावेवर तपासू नये, ती शून्य आहे, ती काही बोलणार नाही.' आजोबांनी वाचलं आणि मान हलवली. मग दुसरी, तिसरी. ते सांगत होते, मी लिहीत होतो. अकरा ओळी झाल्या. मला पहिल्यांदा वाटायला लागलं, की मला काहीतरी येतं.

बाराव्या ओळीशी आजोबा थांबले.

"हिचं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. परत नाकावर आणला. पडद्यापासून दूर झाले, जवळ आले. मी लिहायला बोटं तयार ठेवली. चहा येऊन गेला. त्यांचा प्यायचा राहिला.

"काढून बघायची का?" मी अगदी हळू आवाजात म्हणालो.

त्यांनी इतक्या वेगाने माझा हात धरला, की सत्तावन्न वर्षांच्या माणसाला ते शोभलं नाही.

"मग काय लिहू?"

त्यांनी माझा हात सोडला.

"आठवत नाही," ते म्हणाले. "राहू दे."

मी लिहिलं: 'का ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून तर राहू द्या.' आणि आम्ही तेराव्या ओळीकडे वळलो.